आईची उचकी आणि बाबांचं नाव

आम्ही तारापूरचे. पण तारापूरकरांना विचाराल तर ते म्हणतील, "छे, ते खालचे." खालचे म्हणजे खालच्या किनाऱ्यावरचे, पार रत्नागिरीच्याही पलीकडून आलेले. माझा आजा एका गलबतातून कौलं घेऊन इथल्या खाडीत आला. कौलं उतरली, गलबत परत गेलं, आजा राहिला. का राहिला याची घरात दोन उत्तरं होती. आत्या सांगायची, इथल्या लोकांनी आग्रह करकरून त्याला ठेवून घेतलं. खरी गोष्ट अशी की तो ताडी पिऊन झोपला होता आणि गलबतवाले त्याला उठवायला विसरले. ते काही असो. तीन पिढ्या इथं जन्मल्या, इथल्याच मसणात आमची माणसं जळली, तरी आम्ही आपले खालचेच.

समुद्रानं आणून टाकलेली माणसं, पोटही समुद्रावरच. आजा गलबतावर, तर बाबा आगबोटीवर. बाबा तेलवाले होते, म्हणजे आगबोटीच्या पोटात इंजिनाच्या खोलीत यंत्रांना तेल घालत फिरायचं. वर्षातले बरेच महिने ते एडनला, नाहीतर बसऱ्याला, नाहीतर मोंबासाला असायचे आणि घरी आम्ही तिघी: आई, आत्या आणि मी. आत्या बाबांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली ती आमच्या घराची न्यायाधीश होऊनच बसली. मी मॅट्रिक होऊन गावातल्या शाळेत पहिलीला शिकवत होते. मला राग पटकन येतो. तेव्हाही यायचा.

आई केळव्याची, पानमळ्यातली. बोलायला मऊ, पण एका बाबतीत लोखंड. लग्न झाल्यापासून तिनं बाबांचं नाव म्हणून तोंडातून काढलं नव्हतं. 'हे', 'घरातले', 'हिचे बाबा' एवढ्यावर तिचा संसार चालला होता. बरं, नुसतं नाव टाळून भागत नव्हतं, नावासारखा वाजणारा शब्दही वर्ज्य. आणि बाबांचं नाव मेलं नेमकं नारळाच्या अंगावरून जाणारं! नाव मी सांगत नाही, तिला आवडलं नसतं. पण समुद्रकाठच्या बाईनं नारळ म्हणायचं नाही म्हणजे काय हाल, बघा. ती नारळाला 'शेंडीवालं' म्हणायची. नारळी पुनव म्हणजे 'शेंडीवाल्याची पुनव'. एकदा दुकानात नवा नोकर होता. हिनं त्याला "दोन शेंडीवाले द्या, हलवून बघून द्या" म्हटलं, तर तो बावचळून आत पळाला. दुकानाचा मालक आणि मालकाचा भाऊ, दोघांनाही शेंडी होती.

पासष्ट साली पावसाळा सरता सरता पाकिस्तानशी लढाई सुरू झाली, तेव्हा बाबांची आगबोट कुठं होती? कराचीच्या बंदरात. "दुनियेत एवढी बंदरं पडलीत, ह्याला आत्ताच कराची सापडली!" आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. केळव्याचा मामा मुंबईला जाऊन आगबोटीच्या कंपनीत विचारून आला. आगबोट तिकडच्यांनी धरून ठेवली आहे एवढं कळतंय, माणसांचं काही कळत नाही, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. माणसांचं काही कळत नाही! एवढं सांगून मामा ओटीवर बसून राहिला, दिलेलं पाणीसुद्धा प्यायला नाही. बाबा जिवंत आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात शिरला आणि कोणी तो तोंडानं विचारला नाही.

गावाला मात्र तोंड होतं. "खालच्यांचा माणूस पाकिस्तानात अडकला" हे फिरत फिरत "खालच्यांचा माणूस पाकिस्तानला मिळाला" इथवर आलं. आमच्या शेजारी एक कोळीण राहायची. नवरा आणि मुलगे होडीवर, ही मासळी विकायला. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या कानावर हे पडलं तेव्हा तिनं भर बाजारात पाटी खाली ठेवली आणि बोलणाऱ्याची सालटी काढली. "मेल्या, तो काय तिथं मिरवाला गेलाय? पोटासाठी गेलाय! तुज्यासारका बायकोच्या जिवावर खात नाय!" त्यानंतर आमच्याविषयी जे काही बोललं गेलं ते हळू आवाजात.

उचकी लागली ती एका तिन्हीसांजेला. विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दिव्याला पुठ्ठ्याची टोपी, आणि आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पहिली उचकी आली, आईनं दुर्लक्ष केलं. दुसरी आली. तिसरीला आत्यानं तांदूळ निवडायचं थांबवलं आणि सूप बाजूला ठेवलं.

उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. ज्याला उचकी लागली त्यानं एकेक नाव घेत जायचं. ज्या नावाला उचकी थांबली, तो आठवण काढणारा. आत्यानं लगेच कोर्ट मांडलं. "घे नावं." आईनं माहेरच्यांपासून सुरुवात केली. भाऊ, भावजय, चुलत्या, बालपणीच्या मैत्रिणी, केळव्याची शेजारीण, सगळ्यांची नावं झाली. दुसऱ्या दिवशी मामा आला, तेव्हा त्याच्या नावाला उचकी जराशी थांबली. मामा केवढा खूश! "बघ, मीच!" आत्या म्हणाली, "अरे, तू समोर उभा आहेस. समोरचा माणूस आठवण कशाला काढेल?" तेवढ्यात आईला पुन्हा उचकी आली आणि मामा हिरमुसून चहा प्यायला बसला.

कोणाची उचकी ते सगळ्यांना कळत होतं. एकच नाव राहिलं होतं आणि तेच तिला घेता येत नव्हतं. "वन्सं, तुम्ही घ्या," आई म्हणाली. आत्या थोरली, तिला भावाचं नाव घ्यायला कसली आडकाठी? तिनं घेतलं, एकदा हळू, एकदा मोठ्यानं. काही फरक नाही. "चालायचं नाही," आत्यानं निकाल दिला, "जिची उचकी तिनंच नाव घ्यायला पाहिजे."

मी म्हटलं, नावं राहू देत, आधी उचकी थांबवू. साखर आणली, मध आणला, मोरपिसाची राख मामानं कुठून कुठून पैदा केली. आईनं सगळ्याला नकार दिला. वाटीला हात लावेना. "थांबवू नका गं. ते आठवण काढतायत. उचकी आहे तोवर ते आहेत." आता यावर काय बोलणार, कपाळ?

झालं! आमच्या घरी टपाल येत नव्हतं, त्याऐवजी उचकी यायला लागली. मध्ये अर्धा दिवस खंड पडे, की आई कावरीबावरी. पुन्हा सुरू झाली की चेहरा फुले. मावशी सकाळी पाटी घेऊन निघताना कुडावरून ओरडायची, "काय गो बाय, हाय का?" आणि आई आतून आनंदानं, "हाय, हाय!" ज्या बायका आमच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या, त्याही विचारायला लागल्या, आज आली का, कितीशी आली. एका संध्याकाळी दिवे बघत फिरणारा होमगार्डचा पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, "जरा हळू उचक्या द्या. आवाज लांबवर जातो." मी दार उघडून विचारलं, "विमानात बसलेल्याला आमच्या आईची उचकी ऐकू येते का रे? मग त्याला सांग, बाबांची खबर तेवढी खाली टाक म्हणावं!" तो त्यानंतर आमच्या आळीत आला नाही.

हसायला ठीक होतं, पण आई वाळत चालली. जेवण पोटात राहीना, पेजसुद्धा उलटून पडे. पालघरचे डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर मुंबईला न्यावं लागेल. तेव्हा मावशीनं तोड काढली. "उखाण्यात घ्या ना नाव. उखाण्यात नाव घेतलं तर पाप नाय. आमी लग्नात शंभर वेळा घेतो." आत्यानं विचार केला, बराच केला, आणि परवानगी दिली. मी मॅट्रिक, म्हणून उखाणा मी रचायचा. मी रचला:

भरतीमागून ओहोटी, ओहोटीमागून भरती,
अमुकरावांचं नाव घेते उचकी थांबण्यापुरती.

अमुकरावांच्या जागी बाबा. दुपारी आळीतल्या बायका जमल्या. कोणी हळदकुंकू घेऊन आली, कोणी नुसतीच. आईला पाटावर बसवलं. लाजली हो ती, एवढी वाळलेली, डोळे खोल गेलेले, तरी नव्या नवरीसारखी लाजली. म्हणाली, "भरतीमागून ओहोटी, ओहोटीमागून भरती..." आणि पुढं नावाचं पहिलं अक्षर येतंय न येतंय तोच उचकी. नाव गेलं पोटात. बायका म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अर्धं नाव बाहेर आलं आणि उरलेलं उचकीनं गिळलं. मग वाद सुरू झाला. अर्धं नाव धरायचं की नाही? एक म्हणाली, देवाला अर्ध्यावर कळतं. दुसरी म्हणाली, अर्ध्या नावाची माणसं गावात चार आहेत, त्यातला एक दारुड्या आहे, उगाच त्यानंच आठवण काढली असं व्हायचं. आत्या म्हणाली, "पुरतं नाव पाहिजे. कोर्टात सही अर्धी चालते का?" बायका कुंकू लावून घेऊन, गूळखोबरं खाऊन घरी गेल्या आणि उचकी होती तिथं राहिली.

मला मात्र संशय आला. नेमकी नावावरच उचकी येते कशी? मी तिला मागीलदारी गाठलं. कपडे वाळत घालत होती. मी चिडूनच म्हटलं, "आई, तू मुद्दाम गिळतेस नाव. ही कसली थेरं! पाप-बिप काही लागत नाही. घे नाव आणि सुट एकदाची. मरशील अशानं!"

आईनं हातातलं लुगडं पिळलं, पुन्हा पिळलं, पाणी नव्हतं तरी पिळत राहिली. "पाप लागू दे गं," ती म्हणाली. "पापाला कोण भितंय? पण नाव घेतलं आणि उचकी थांबलीच नाही तर? तर मग ते आठवण काढत नाहीयेत, असं होईल. मग ते..." तिला उचकी आली.

इतके दिवस मी तिला भोळी समजत होते, आणि ही बाई एका नावावर सगळं टांगून बसली होती. मला तिचा राग आला होता तो कुठं गेला कळलं नाही. मी तिच्या हातातलं लुगडं घेतलं आणि दोरीवर टाकलं.

मग रेडिओनं सांगितलं, लढाई थांबली. लढाई थांबली, उचकी नाही थांबली. बाबांची खबर नाही. आणि दोनच दिवसांवर सर्वपित्री अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पानं वाढतात. आजा, आजी, आत्याचे यजमान, अशी तीन पानं दरवर्षीची. आत्यानं केळीची पानं मांडली आणि मोजत नव्हती की काय, चार मांडली.

आई वडे घेऊन बाहेर आली. पानांकडे बघितलं. "वन्सं, हे चौथं कुणाचं?"

आत्या गडबडली. "अगं, ते... पान फाटकं निघालं म्हणून दुसरं घेतलं, आणि फाटकं काढायचं राहिलं..." खरंच फाटकं होतं ते, मी बघितलं. पण आईला ते ऐकू गेलं नाही. तिचा चेहरा असा झाला की मी तिच्याजवळ जायला निघाले. तिनं वड्यांचं ताट खाली आदळलं, चौथं पान उचलून टराटरा फाडलं, आणि समुद्राच्या दिशेला तोंड करून, कौलं उडतील अशा आवाजात बाबांचं नाव घेतलं. राव नाही, पंत नाही, अहो नाही. नुसतं नाव! आणि वर, "कुठं जाऊन बसलायस रे! घरी ये आधी! मेल्या, घरी ये!"

अरे-तुरे! आत्यानं कानांवर हात ठेवले. कुडापलीकडे मावशीच्या हातातून काहीतरी पडलं. आळीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आई तशीच उभी, धापा टाकत. आम्ही सगळ्या तिच्या गळ्याकडे बघत होतो. ती स्वतःही वाट बघत होती, डोळे मोठे करून.

उचकी आली नाही.

आम्ही थांबलो, आणखी थांबलो. आली नाही. "थांबली," आत्या पुटपुटली. "थांबली गो बाय!" मावशी कुडावरून किंचाळली. "हाय! तुमचा मानूस हाय!" आई मटकन खाली बसली आणि ताटातल्या वड्यांतला एक उचलून खायला लागली. पितरांच्या आधी! आत्यानं एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि दुसरा वडा तिच्यापुढं सरकवला. एवढ्या जोरात ओरडल्यावर कोणाचीही उचकी थांबेल, हे माझ्यासारख्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं नाही. पण मी ते कोणाला सांगितलं नाही. मीही खूप रडले आणि चार वडे खाल्ले.

तेव्हापासून आई धरून बसली की बाबा आहेत. कोणी काही म्हणो. पुढं कंपनीकडूनही कळलं की आगबोटीवरची माणसं तिकडं एका छावणीत ठेवली आहेत, सगळी जिवंत आहेत. आई म्हणाली, "मला माहीत आहे." थंडीत वालाच्या शेंगा बाजारात यायला लागल्या तेव्हा बाबा बोईसरला उतरले आणि एसटीनं घरी आले. दाढी वाढलेली, अंगावर कोणाचा तरी कोट. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. घर माणसांनी भरलं. बाबा जेवता जेवता छावणीतल्या डाळीच्या गोष्टी सांगत होते, तीत डाळ कमी आणि खडे जास्त.

मावशीला धीर निघेना. "सर्वपित्रीला दुपारी तुमी हिची आठवण काढली ना? खरं सांगा."

"रोजच काढत होतो," बाबा म्हणाले. "त्यातली सर्वपित्रीची कुठली ते कसं सांगू?"

"पण थांबली ना उचकी! हिनं नाव घेतलं तुमचं!"

बाबांचा हात भाताच्या ताटातच थांबला. "कोणी?"

"ह्या तुमच्या बायकोनं. साऱ्या आळीनं ऐकलं. अरे म्हणाली तुमाला, मेल्या म्हणाली!"

बाबांनी आईकडे बघितलं. आई आमटीच्या पातेल्यात डोकं घालून बसली होती. छावणीतलं सगळं सांगताना ज्या माणसाचा आवाज हलला नव्हता, त्याचे डोळे भरून आले. "साऱ्या आळीनं ऐकलं," ते म्हणाले, "आणि मीच तेवढा नव्हतो."

मग त्यांनी तिच्या मागं टुमणं लावलं. एकदा घे. हळू घे. दार लावून घे. आई म्हणायची, "अडकलात तर घेईन पुन्हा." बाबा सांगायचे, अगं, एवढ्यासाठी पुन्हा कराची गाठू का? ती बधली नाही. सगळी आळी हसत होती आणि मीही हसत होते, पण बाबा थट्टा करत नव्हते, हे मला दिसत होतं.

कंपनीचं बोलावणं आलं. दुसरी आगबोट, पुन्हा एडनकडची. आईनं ट्रंक भरली. निघायच्या सकाळी बाबांनी ट्रंक ओटीवर आणून ठेवली. कोपऱ्यावर बोईसरची एसटी उभी होती, कंडक्टर घंटी वाजवत होता. बाबा म्हणाले, "आता जातोय. आता तरी घे."

"जाणार असाल तर नाही घेणार," आई म्हणाली. "नाव घेऊन मी कोणाला समुद्रावर धाडणार नाही."

"आणि राहिलो तर?"

आई पदराचं टोक पिळत खाली बघत होती. आत्या काहीतरी म्हणायला निघाली, मी तिचा हात धरला. बाबांनी एसटीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि ओटीवर मांडलेल्या त्या ट्रंकेवर बसले. घंटी पुन्हा वाजली. बाबा उठले नाहीत. एसटी धूळ उडवत गेली.

धूळ खाली बसल्यावर आई त्यांच्या जवळ गेली. आमच्यासमोर, सकाळच्या उन्हात, तिनं त्यांचं नाव घेतलं. ओरडून नाही, साधं, माणूस माणसाला हाक मारतो तसं. बाबांनी "ओ" दिली. मग ते उठले आणि ट्रंक उचलून आत नेली.